डोक्यावर ठिपके होते का?

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात पक्षी पाहण्याच्या छंदाविषयी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





आपल्या कार्यवाहांनी मला पक्ष्यांवर बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही पक्षितज्ज्ञ नाही. पाटबंधारे खात्यातला डिप्लोमावाला माणूस. नहेरीत किती पाणी सोडलं, कुठल्या दरवाजातून किती गेलं, ते मोजायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, हे माझं काम. त्यावर कार्यवाह म्हणाले, "मग तेच सांगा. नहेरीवर उभं राहून तुम्ही पाणी बघता की पाखरं बघता, हे लोकांना कळू द्या." तेव्हा आज कबुली द्यायला उभा आहे असंच समजा.

छंदाची सुरुवात बारा-तेरा वर्षांपूर्वी झाली. रब्बीचं आवर्तन चालू होतं. सकाळी सातला नहेरीच्या दरवाजावर मी चौकीदाराची वाट पाहत उभा होतो. विजेच्या तारेवर एक मातकट रंगाचा पक्षी बसला होता. मी तिकडे विशेष लक्ष दिलं नाही. तेवढ्यात तो तारेवरून खाली झेपावला, पंख उघडले, आणि त्या मातकट पक्ष्याच्या आत असा काही निळा रंग होता की मी रजिस्टर बंद केलं. तो चास होता. आमचं मूळ गाव शहादा तालुक्यातलं. आजी दसऱ्याच्या दिवशी आम्हा मुलांना शेतात पाठवायची, चास बघून या म्हणायची, म्हणजे वर्ष बरं जातं. लहानपणी आम्ही चास न बघताच "दिसला, दिसला" म्हणून परत यायचो आणि गोड खायला बसायचो. चाळिशीला टेकताना तो मला खरोखर दिसला, तोही दसरा नसताना, सचिनच्या नहेरीवर.

आता तुम्ही म्हणाल, सचिनमध्ये कसले पक्षी? इथे गिरण्या, टेम्पो, धूर आणि गर्दी. मलाही तसंच वाटायचं. पण जीआयडीसीच्या बाहेर पडलं की अजून भाताची शेतं आहेत, ऊस आहे, गावोगावचे तलाव आहेत, मिंढोळा नदी आहे आणि आमची नहेर आहे. रविवारी सकाळी दोन तास सावकाश चाललं तर चाळीसच्या आसपास जातींचे पक्षी दिसतात. भाताच्या खाचरात गाईबगळे आणि काळे शराटी, तारेवर कोतवाल आणि वेडा राघू, पाण्यावर खंड्या, वेलींच्या गर्दीत जांभळी पाणकोंबडी, तलावाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी. आणि यातलं काहीच बघायला तिकीट नाही.

सध्या गणपतीचे दिवस आहेत, म्हणून एक सोपी गोष्ट सांगतो. घरी जाताना नहेरीकाठच्या बाभळी आणि खजुरी नीट बघा. पाण्यावर लोंबणारी सुगरणीची घरटी दिसतील. आपण 'सुगरण' म्हणून कौतुक बाईचं करतो, पण घरटं विणतो नर. तो अर्धं घरटं विणतो आणि लटकून पंख फडफडवत मादीला बोलावतो. मादी येते, आत-बाहेर करून तपासते. पसंत पडलं तर तो पुढचं काम पूर्ण करतो, नाही तर दुसरीकडे नव्याने सुरुवात. आमच्या खात्यातही काम असंच असतं, तपासणी झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही! डॉ. सालीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहून याच सुगरणीचा अभ्यास केला आणि त्यातून त्यांचं नाव झालं. एवढ्या मोठ्या माणसाला घराजवळचा साधा पक्षी पुरला. आपल्याला का पुरू नये?

या छंदात भाषेचीही गंमत आहे. आपण सुगरण म्हणतो, आपले गुजराती शेजारी सुघरी म्हणतात. आपली टिटवी ती त्यांची टिटोडी, आपला दयाळ तो त्यांचा दैयड. इथवर चुलत भावंडं वाटतात. पण आपला वेडा राघू त्यांच्याकडे पतरंगो होतो, कोतवाल काळो कोशी होतो आणि खंड्याचा कलकलियो होतो. शेतावर कुणा काकांना नुसतं "आ कयुं पक्षी?" विचारलं की ते नाव सांगतात, वर त्याची खोडही सांगतात, आणि बऱ्याचदा चहा पाजतात. तीस-चाळीस वर्षं इथे राहूनही काही घरांचे उंबरठे मी ओलांडले नव्हते. ते या पाखरांनी ओलांडायला लावले.

साहसं म्हणाल तर माझी साहसं घरच्यांना हसवण्याइतकीच आहेत. एकदा पाणकोंबडीची पिल्लं नीट दिसावीत म्हणून काठावरून खाली उतरलो आणि एक बूट चिखलात कायमचा ठेवून आलो. ऑफिसात एका पायात चप्पल घालून गेलो. दुसऱ्यांदा एका कारखान्याच्या भिंतीवर शिक्रा बसला होता. मी दुर्बीण लावली, तर आतून दोन रखवालदार धावत आले. त्यांना वाटलं, मी बॉयलरची पाहणी करतोय. शेवटी त्यांच्या हातात दुर्बीण दिली. शिक्रा दिसल्यावर एक जण म्हणाला, "साहेब, हा तर रोजच येतो. आम्ही त्याला कावळा समजत होतो." पुढे तोच मला गेटवर थांबवून सांगायचा, "आज आला होता."

पण आज मला मुख्यतः एका वेगळ्याच साहसाबद्दल बोलायचं आहे. त्यात आपलं खानदेश आहे, आपला सुरत जिल्हा आहे, आणि शेवटी थोडा मीही आहे.

पिंगळा तुम्हा सर्वांना माहीत आहे. छोटं घुबड, गोल डोकं, पिवळे डोळे. पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी या पक्ष्याची भाषा जाणतो, असं आपल्याकडे मानायचे. हा नेहमीचा पिंगळा सचिनमध्येही आहे. जुन्या आंब्यांच्या ढोलीत, पडक्या भिंतीत तो राहतो. त्याचाच एक दुर्मिळ नातेवाईक आहे, रानपिंगळा. १८७३ साली ह्यूम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यानंतर थोडेच नमुने मिळाले. मुलकी सेवेतल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून काही नमुने गोळा केले. त्यातला शेवटचा १८८४ चा. पुढे हा पक्षी कुणाला दिसला नाही.

फक्त एक नोंद त्यानंतरची होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने आपल्या संग्रहातल्या एका रानपिंगळ्याला चिठ्ठी लावली होती, की हा १९१४ साली तापीकाठी मांडवी इथे मिळाला. मांडवी म्हणजे आपलं मांडवी, सुरत जिल्ह्यातलं, काकरापारच्या शेजारचं. नोकरीच्या सुरुवातीला मी त्या भागात काही वर्षं काढली आहेत. कर्नल मोठा नावाजलेला माणूस होता, त्यामुळे लोकांनी ही चिठ्ठी खरी मानली. सालीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या मातब्बरांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. सापडला नाही. पक्षी बहुधा नामशेष झाला, असं अनेकांना वाटू लागलं.

मग पामेला रॅसमुसेन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा तपासायला घेतले. कर्नलच्या त्या नमुन्यात त्यांना गोम दिसली. तो पक्षी मांडवीला मिळालेलाच नव्हता. तो डेव्हिडसनने पूर्वी गोळा केलेला होता. कर्नलने तो संग्रहालयातून लांबवला, उसवून पुन्हा शिवला आणि नवी चिठ्ठी लावली. कर्नलच्या अशा इतर लबाड्याही नंतर उघड झाल्या. रॅसमुसेनबाईंनी मांडवीची नोंद बाजूला ठेवली आणि जिथून खरे नमुने मिळाले होते तिथेच जायचं ठरवलं. १९९७ च्या नोव्हेंबरात त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडे, आजच्या छत्तीसगडच्या बाजूला शोधलं. काही मिळालं नाही. मग खानदेशात आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, एका झाडावर रानपिंगळा बसलेला होता. उजेडात, उघड्यावर. हा पक्षी दिवसाही हिंडतो. ११३ वर्षांनी तो शास्त्राला पुन्हा सापडला.

मंडळी, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. शहादा म्हणजे आमचा तालुका. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. ज्या रानात आमची गुरं चरायची, त्याच टापूत जग ज्याला हरवलेला समजत होतं तो पक्षी बसून होता. आणि आम्ही पोरं चास न बघताच "दिसला" म्हणत होतो.

आता माझा भाग. रानपिंगळा पुढे मेळघाटात, तानसाच्या बाजूला आणि इतरही काही जंगलांत आढळला. २०१५ साली डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातूनही त्याची नोंद प्रसिद्ध झाली. डांग म्हणजे आपल्यासाठी सुट्टीत जाऊन येण्याइतकं जवळ. तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी, सौ. आणि आमची मुलगी असे महालच्या वनखात्याच्या कॅम्पवर मुक्कामाला गेलो. मुलगी तेव्हा आठवीत होती. पहाटे आम्ही दोघंच बाहेर पडलो. थंडी होती, सूर्य नुकता वर येत होता. एका वाळक्या सागाच्या शेंड्यावर पिंगळ्यासारखा पक्षी बसला होता. पाठीमागून ऊन येत होतं, त्यामुळे तो काळाच दिसत होता. मी दुर्बीण लावली, चार-पाच सेकंद बघितलं, आणि तो उडाला.

मी वहीत लिहिलं, 'रानपिंगळा, १'. माझा हात थरथरत होता, तो थंडीने नव्हे.

मुलीने विचारलं, "बाबा, डोक्यावर ठिपके होते का?"

हा प्रश्न मीच तिला शिकवला होता. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं असतं, छाती गडद असते, आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले असतात. मी म्हणालो, "नव्हते." ती म्हणाली, "मला तर दिसल्यासारखे वाटले." त्यावर मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, "तुला काय कळतं? दुर्बीण माझ्याकडे होती." ती गप्प झाली आणि नाश्त्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

परत आल्यावर पक्षिमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर मी ती बातमी टाकली. भराभर अभिनंदन आलं. एका ज्येष्ठांनी मात्र फक्त एवढंच विचारलं, "खूण काय पाहिली?" मी उत्तर दिलं नाही. महिनाभर ती नोंद वहीत तशीच राहिली. ऑफिसात पाण्याचं माप लिहिताना मला ती आठवायची. नहेरीवर माप न घेता मी कधी आकडा लिहीत नाही. चौकीदाराने अंदाजाने लिहिलं तर त्याला मीच बोलतो. कारण एका दरवाजावर खोटा आकडा लिहिला की खालच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, आणि चूक कुठे झाली ते कुणालाच सापडत नाही. मग इथे काय केलं होतं मी? कर्नलने केलं त्याची घरगुती आवृत्ती. त्याने चिठ्ठी लावली, मी वहीत ओळ लिहिली. त्याला मोठेपणा हवा होता, मला गटावरचे पाच-पन्नास अंगठे हवे होते.

शेवटी एका रविवारी मी मुलीला बोलावलं, तिच्यासमोर ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'पिंगळा, १. जात ओळखता आली नाही, पाठीमागे ऊन.' गटावरही तसं कळवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, आता ही नोंद खरी झाली." ती वही मी आज मुद्दाम बरोबर आणली आहे. मुलांना बघायची असेल तर भाषणानंतर या.

तुम्ही म्हणाल, एका वहीतल्या एका ओळीचं एवढं काय? पूर्वी वही घरातच राहायची. आता ई-बर्डसारख्या ॲपवर आपण जे लिहितो ते थेट शास्त्रज्ञांपर्यंत जातं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा भारतातल्या पक्ष्यांचा २०२३ चा अहवाल ३०,००० हून जास्त पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींची स्थिती तपासली आहे. हे लोक कोण? शिक्षक, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी, आमच्यासारखे नोकरदार. त्या अहवालाने जे सांगितलं ते मला फार लागलं. आपला दसऱ्याचा चास कमी होतोय. आजीला तो शुभ वाटायचा, मला त्याने या छंदाला लावलं, आणि आता तोच घटणाऱ्यांच्या यादीत आहे. हे कळलं ते हजारो साध्या माणसांनी 'आज चास दिसला, आज नाही दिसला' असं खरं लिहिलं म्हणून. 'नाही दिसला' ही सुद्धा नोंदच असते.

सालीम अलींची सुरुवात आपल्याला ठाऊक आहे. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी हे घरात कुणालाच सांगता येईना, म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. 'मला माहीत नाही' या शब्दांनी भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. आपल्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करत होते. जंगलात राहणाऱ्या माणसांना ते विचारत राहिले, ऐकत राहिले आणि टिपत राहिले. त्यातून मराठीला 'पक्षिकोश' मिळाला. बगळ्यांच्या सामूहिक वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसतीला 'काकागार' असे सुंदर शब्द त्यांनी आपल्याला दिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. सरकारी नोकरी सांभाळून माणूस काय करू शकतो, याचं माझ्यासमोरचं उदाहरण तेच आहे.

आता ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, महागड्या कॅमेऱ्याच्या मागे लागू नका. एक वही, एक पेन आणि जमल्यास दुर्बीण. दुर्बिणीवर आठ बाय बेचाळीस असं लिहिलेलं असेल तर बरी. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. याहून जास्त पटीची घेतली तर हात हलतो आणि पक्षी नाचतो.

दुसरी, आधी घराजवळचे वीस पक्षी पक्के ओळखा. बुलबुल, साळुंकी, दयाळ, कोतवाल, भारद्वाज, टिटवी. नेहमीचा ओळखीचा झाला की वेगळा आपोआप उठून दिसतो. मग सुट्टीच्या दिवशी डुमस रस्त्याकडच्या गवियर तलावावर जा. हिवाळ्यात तिथे बदकं उतरतात. मोबाइलवरचं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण ते सुचवतं, साक्ष आपण द्यायची.

तिसरी, पक्ष्याला त्रास देऊन काही बघायचं नाही. घरट्याजवळ जायचं नाही, मोबाइलवर त्यांचे आवाज लावून त्यांना बोलवायचं नाही. थंडीत तापीवर उत्तरेकडून कुरव येतात. त्यांना आपले सुरती लोक प्रेमाने गाठिया खाऊ घालतात. भावना चांगली आहे, पण मासे खाणाऱ्या पाखराला तळलेलं बेसन कशाला? आणि उत्तरायणला मांज्यात अडकलेला पक्षी दिसला तर १९६२ वर फोन करा, करुणा ॲम्ब्युलन्स येते.

चौथी गोष्ट तुम्हाला आता पाठ झाली असेल. जे दिसलं तेच लिहा.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालीम अलींचा. माझी मंडळाला विनंती आहे की त्या सप्ताहात एका रविवारी आपण सर्वांनी मुलाबाळांसह सकाळी साडेसहाला नहेरीवर यावं. चहा माझ्याकडून, पोहे सौ.कडून. बाप्पा गेल्यावर मांडव रिकामा दिसतो, मन लागत नाही. पण त्याच सुमारास, नवरात्राच्या आगेमागे, शेपटी वरखाली हलवत धोबी पक्षी नहेरीच्या काठावर उतरू लागतात. दूर उत्तरेतून येतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत आपल्या गावात राहतात. आपणही असेच कुठून कुठून येऊन सचिनमध्ये राहिलो. आपण परत गेलो नाही, एवढाच फरक.

आता तुम्ही विचाराल, मग रानपिंगळा दिसला का? अजून नाही. महालला पुन्हा दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा नेहमीचा पिंगळा दिसला, डोक्यावर भरपूर ठिपके असलेला. दोन्ही वेळा तसंच लिहिलं. दिवाळीनंतर परत जाणार आहोत. मुलगी आता दहावीच्या पुढे गेली आहे, पण येईन म्हणालीय. या खेपेला दुर्बीण तिच्या गळ्यात असेल आणि प्रश्न मी विचारणार आहे.

 गणपती बाप्पा मोरया!